मुकं झालेलं इंजिन

"ऐका! आता हिच्या पोटातला राक्षस गप्प होणार!"

स्निग्धानंद महाराजांनी हात वर केला आणि सायखेड्याच्या नदीकाठच्या मैदानात जमलेली तीन-चारशे माणसं श्वास रोखून उभी राहिली. मधोमध एक जुनाट जीप होती. पत्र्याच्या डब्यात खिळे भरून कुणी हलवावेत, तसं तिचं इंजिन खडखडत होतं. महाराजांनी ते बंद करायला लावलं, तांब्याच्या कलशातलं तेल धार धरून आत ओतलं आणि डोळे मिटले.

"यंत्रालाही प्राण असतो, बाळांनो! कंपनीवाले सांगतात वीस नंबरचं तेल, तीस नंबरचं तेल. ते बर्फातल्या देशांचे आकडे! आपल्या मातीत इंजिनाला दाट स्नेह लागतो. आईच्या मायेसारखा दाट!"

शिष्यानं किल्ली फिरवली. थोडी खडखड झाली, मग कमी झाली, मग जवळजवळ थांबलीच. इंजिन चालू होतं, पण मुकं झालं होतं. लोकांनी हात जोडले. लताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांची सून सुवर्णा मात्र हात न जोडता उभी होती. ती आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवायची. कापराच्या घमघमाटाखालून तिला दुसराच एक वास येत होता, गंधकासारखा उग्र. हा वास तिच्या ओळखीचा होता, पण कुठला ते लगेच आठवेना.

"आणि एक लक्षात ठेवा," महाराजांनी आवाज खाली आणला. "स्टेअरिंगपुढच्या काट्यांच्या शेजारी किटलीचं लाल चित्र पेटतं ना? तो देवीचा डोळा. माझं तेल घातल्यावर तो उघडला, तर घाबरायचं नाही. डोळा उघडा असताना जो गाडी थांबवतो, त्याच्यावर कोप होतो."

सुवर्णाला त्या दिव्याचा खरा अर्थ माहीत होता. ती घाईघाईनं गाडीकडे वळली, पण उशीर झाला होता. तिच्या नवऱ्यानं, मल्हारीनं, गाडी आधीच रांगेत लावली होती. कंपनीचं तेल खाली घमेल्यात पडलं होतं आणि शिष्य महाराजांचं तेल ओतत होता. त्यांच्या पुढेच मल्हारीचा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला सोबती राकेश आपली गाडी भरून घेऊन हसतमुखानं निघाला होता.

"अहो, मला विचारायचं तरी!"

"तुझं सगळं पुस्तकातलं," मल्हारी म्हणाला. "डोळ्यानं पाहिलंस ना आत्ता?"

पाहिलं होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

गुरुवारी कल्याणला मल्हारीच्या बहिणीकडे, अंजलीकडे, बारसं होतं. त्याआधी तेल बदलून घेऊ, असं सुवर्णा तीन दिवस म्हणत राहिली आणि मल्हारी तीन दिवस ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिला. डिसेंबरचा गारठा होता. उजाडता उजाडता लताबाई, मल्हारी, सुवर्णा आणि त्यांची शाळकरी मुलगी आरोही, सगळे गाडीत बसले. मल्हारीनं किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, पुन्हा कण्हलं आणि कसंबसं सुरू झालं. लगेच बॉनेटखालून, इंजिनाच्या माथ्याकडून कोरडी टकटक सुरू झाली. लाल किटली पेटली होती. एरवी ती क्षणात विझते. आज विझेना.

"डोळा उघडला गं बाई!" लताबाईंनी हात जोडले. "चल मल्हारी, थांबू नकोस."

सुवर्णानं हात घालून इंजिन बंद केलं आणि किल्ली मुठीत घेतली.

"आई, तो डोळा नाही. इंजिनाला तेल पोचत नाहीये, म्हणून ते ओरडतंय. या गाडीतून मी आरोहीला घाटात नेणार नाही."

"किल्ली दे," मल्हारी दात आवळून म्हणाला.

"नाही देणार."

शेवटी आरोही दार उघडून खाली उतरली आणि आईच्या बाजूला जाऊन उभी राहिली. ते सगळे एसटीनं निघाले. मल्हारी वेगळ्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून बसला होता.

कसारा घाटात एका वळणावर एसटी मंदावली. कठड्याला घासून एक पांढरी गाडी तिरकी अडकली होती. पुढचं एक चाक दरीवर लोंबकळत होतं. मल्हारी ताडकन उभा राहिला.

"राकेश! कंडक्टर, थांबवा!"

राकेश रस्त्याच्या कडेला बसला होता. बायकोचा हात त्यानं ओढणीनं गळ्यात बांधला होता. तो मल्हारीकडे पाहत होता, पण ओळख पटल्यासारखं वाटत नव्हतं. "दिवा पेटला होता रे," तो म्हणाला. "ही म्हणत होती, थांबवा. मी नाही थांबवली. कोप होईल म्हणून नाही थांबवली. मग इंजिन एकदम जाम झालं. ब्रेक दगडासारखा झाला, स्टेअरिंग फिरेना..."

कठड्यापलीकडे धुकं होतं. खाली किती खोल आहे ते दिसत नव्हतं. मल्हारी तिथं उभा राहिला आणि मग हळूच आरोहीचा हात धरून तिला मागे घेऊन आला.

पुढच्या रविवारी मैदानात गर्दी दुप्पट होती, आणि सुवर्णा, मल्हारी, आरोहीही आले होते. राकेशची बातमी पोचली होती, पण महाराजांनी तीही पचवली होती. "त्यानं उपवास मोडून तेल घातलं, तर मी काय करणार?" ते सुस्कारा टाकून म्हणाले. माना डोलल्या. जीप पुन्हा मधोमध आली आणि खडखडू लागली.

"पण ही गेल्या रविवारीच बरी झाली होती ना?" आरोहीनं मोठ्यानं विचारलं. "मग परत का खोकतेय?"

महाराज हसले. "बाळ, ती जगाच्या गाड्यांची पापं स्वतःवर घेते."

"पापं नव्हे, पातळ तेल घेते," सुवर्णा पुढे आली. "दर आठवड्याला तुम्ही हिच्यातलं घट्ट तेल काढून टाकता आणि पातळ भरता. मग झिजलेले भाग एकमेकांवर आपटतात. घट्ट तेल त्या फटींत बसतं आणि आवाज दाबतं. झीज तशीच राहते."

दोन शिष्य तिच्या दिशेनं सरकले. तेवढ्यात महाराजांच्या मंडपामागून घरघर ऐकू आली. मल्हारी भगव्या कापडाखालचं एक पिंप लोळवत आणत होता. कापड ओढल्यावर छापील अक्षरं दिसली: गिअर ऑइल, नव्वद नंबर.

"ट्रकच्या गिअरबॉक्समधलं तेल!" मल्हारी ओरडला. "आमच्या प्लँटवर अशी पिंपं रोज बघतो मी. आणि माझी पोर बसते त्या गाडीत मी हेच घातलं!"

सुवर्णाला तो गंधकासारखा वास आठवला, गिअर ऑइलचाच. वर कापूर टाकला होता, एवढंच.

तिनं पिंपातलं तेल एका बाटलीत घेतलं आणि दुसरीत घरून आणलेलं, कंपनीनं सांगितलेलं तेल. मैदानाच्या कडेला बसलेल्या बर्फगोळेवाल्याकडच्या बर्फात दोन्ही बाटल्या काही वेळ पुरल्या. मग सगळ्यांसमोर एकदम उलट्या केल्या. एकीतलं तेल सरळ धारेनं खाली आलं. दुसरीच्या तोंडाशी काकवीसारखा गोळा लोंबत राहिला.

"थंड सकाळी हे इंजिनाच्या माथ्यावर कधी पोचणार? तोवर लोखंडावर लोखंड घासतं. शिवाय गिअरबॉक्सचं तेल इंजिनात फेसाळतं आणि पंपाला फेस ओढता येत नाही. मग दिवा पेटतो. तो पेटला, की गाडी कडेला घेऊन तिथंच बंद करायची. राकेशभाऊंना नेमकं उलटं शिकवलं गेलं."

महाराज कोपाची भाषा बोलू लागले, पण आता त्यांचा आवाज गर्दीत बुडत होता. कुणीतरी पोलिसांना फोन लावला. पण पोलीस यायच्या आत महाराजांना घेऊन जीप मागच्या वाटेनं निघाली, इंजिन बंद, शिष्य ढकलत, अगदी आवाज न करता. तिच्यामागोमाग महाराजांच्या तेलाचे डबे काखेत मारून पंधरा-वीस माणसंही गेली. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

खंडेराव नावाचा एक म्हातारा शेतकरी तिथंच थांबला होता. "बाई, माझ्या गाडीत बी हेच हाय. पोरगं उद्या लेकराबाळांस्नी घेऊन वणीला जातंय. मंग कोणचं घालायचं? कोणाला इचारायचं?"

"ज्यांनी गाडी बनवली, त्यांना विचारा, बाबा. गाडीसोबत पुस्तक मिळतं. त्यात नंबर असतो, पाच डब्ल्यू तीस असा काहीतरी. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, जितका लहान तितकं तेल गारठ्यात लवकर धावतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा. जुन्या गाडीला कधी दोन-तीन नंबर चालतात. त्यातला कुठला घ्यायचा, ते चांगला मेकॅनिक सांगेल. पण पुस्तकाबाहेरचं काही घालू नका, मग सांगणारा भगव्यात असो की कोटात. आणि कुणी म्हणालं, 'विचारू नकोस, नुसता विश्वास ठेव,' तर तिथंच थांबा आणि विचारा."

"पुस्तक इंग्रजीत हाय. मला नाय वाचता येत."

"आणा, मी वाचते," आरोही म्हणाली.

खंडेराव लगबगीनं गाडीकडे गेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतलं, एकदाही न उघडलेलं पुस्तक घेऊन आला. त्याच्यामागे आणखी एक जण आला, मग आणखी दोघं. मल्हारी खंडेरावच्या गाडीखाली घमेलं सरकवून पाठीवर आडवा झाला आणि तेलाचा बोल्ट सोडू लागला.