नळीतलं लाल पाणी

गवंड्याची दोन हात पारदर्शक नळी. झाकण हरवलेला डबा. आलेखाच्या कागदाचा तुकडा. लाल शाईचे थेंब. एक खोकला. छतावरचा एक ठिपका.

मित्रांनो, खोकला आणि ठिपका तूर्त बाजूला ठेवा. उरलेल्या सामानातून मी झालो. मी कॉम्प्युटरचे पंखे तपासणारा एक जुना, घरगुती दाबमापक आहे.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या लहानशा दुकानात मला दादाने बनवलं. दादा म्हणजे दुकानाचा मालक. त्याची धाकटी बहीण त्याच्याबरोबर काम करायची, तिचं ऐकून मीही त्याला दादाच म्हणू लागलो. त्याने नळी वाकवून फळीवर बसवली, मागे आलेखाचा कागद चिकटवला, आत लाल पाणी भरलं. नळीचं एक टोक डब्याला जोडलं, दुसरं मोकळं सोडलं. डब्याच्या तोंडावर पंखा ठेवला की तो आत हवा कोंबायचा आणि माझं पाणी मोकळ्या टोकाकडे सरकायचं.

जुने पंखे टेबलावर भिरभिर फिरायचे. गिऱ्हाईक खूश व्हायचं. दादा म्हणायचा, "फिरतो म्हणजे ढकलतोच असं नाही. गेजला विचारू." गेज म्हणजे मी. माझा शब्द शेवटचा असायचा.

शेजारचा शिंपी दारातून विचारायचा, "काय रे, आज कुणाचं ब्लडप्रेशर?"

"तुझंच मोजणार होतो. नळी पुरली नाही."

दुकान उघडलं की दादा आधी माझी गळती तपासायचा. फळी उभी करायचा, डब्याचं तोंड फळकुटाने दाबून धरायचा आणि बाजूच्या भोकातून फुंकायचा. फुंकर तशीच धरून ठेवायचा. पाणी कागदावरच्या काळ्या खुणेवर स्थिर राहिलं की मी धडधाकट. मग तो ब्लोअर घ्यायचा आणि धुळीने भरलेले कॉम्प्युटर साफ करायचा. दुकान धुरकट व्हायचं.

"दादा, तोंडाला फडकं बांध!"

"बांधलं तर गिऱ्हाईकाला वाटेल, लुटायला आलोय."

असंच एके दिवशी पाणी खुणेपर्यंत चढलं, थरथरलं आणि खाली आलं. दादा खोकला, मग म्हणाला, "गेज गळतोय."

त्याने सांध्यांना सिलिकॉन लावलं. पुढे नळी बदलली. डबा बदलला. मला इतक्या चिकटपट्ट्या गुंडाळल्या की मी हाडवैद्याकडून आल्यासारखा दिसू लागलो. तरी पाणी खुणेच्या खालीच राही, दर वेळी आणखी थोडं खाली. दादा माझ्यावर चिडायचा. मित्रांनो, मी कुठेच गळत नव्हतो. पण मला पाणी दाखवता येतं, बोलता येत नाही.

शेवटी बहीण वैतागली. "आण इकडे. मी बघते." तिने फुंकर मारली. पाणी सरसर चढलं, खुणेवर आलं आणि थांबलं. हललं नाही. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून दादाकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता.

फुंकर सोडून ती हळूच म्हणाली, "दादा, हा गळत नाहीये."

"बरं झालं की मग," दादा म्हणाला, आणि खुर्चीत बसला.

त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं आणि दोघं दवाखान्यात गेले. पण तोवर फार उशीर झाला होता.

आता दुकान ती चालवते. तिने नवा डिजिटल मापक घेतला आहे. मी खिळ्याला टांगलेला आहे. पाणी आटलं, नळीत लाल रेघ उरली. ब्लोअर हातात घेण्याआधी ती तोंडाला फडकं बांधते.

मित्रांनो, एखादं साधन कमी दाखवू लागलं तर त्याचे सांधे जरूर तपासा, पण त्यात फुंकणाऱ्याकडेही एकदा बघा. आणि धूळ उडवताना तोंडाला फडकं बांधा. लुटारू दिसलात तरी चालेल.

मला बनवलं त्या दिवशी दादाने पहिली फुंकर मारली, तेव्हा लाल पाणी नळीतून उडून थेट छताला लागलं होतं.