मुका वाजलेला स्पोक

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. मातीतल्या शर्यती पळणाऱ्या मोटारसायकलचे मागचे चाक. सध्या गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला लटकलेले असते, त्यामुळे बोलायला फुरसतच फुरसत आहे.

मला याच गॅरेजच्या मिस्त्रींनी घडवले. मधला हब आणि बाहेरची रिम यांच्यामध्ये त्यांनी एकेक स्पोक ओवला, पान्याने आवळला आणि मग तोच पाना प्रत्येक स्पोकवर हलकेच वाजवला. ताणलेला स्पोक टणकन वाजतो. सैल किंवा तडकलेला थड्ड असा मुका वाजतो. मिस्त्रींचे कान भारी तिखट. "अगं, हा रुसलाय बघ," असे मुलीला सांगत ते नेमक्या त्याच स्पोकला हात घालत.

त्यांच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. ती गाडीवर बसली की मला जमिनीला टेकायला उसंत नसे. जिंकून आली की आधी माझा चिखल धुई, मग स्वतः आंघोळीला जाई. लोक तिचे कौतुक करत, माझे कोण करणार? पण मला ती फार आवडे.

दगडावर आदळले की एखादा स्पोक तुटायचाच. मिस्त्री तो बदलत आणि शेजारचेही वाजवून पाहत, कारण एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर येतो आणि तेही आतून खचतात.

इंजिनांच्या धडधडाटात मिस्त्रींचे कान हळूहळू गेले. गिऱ्हाईक सांगे एक, हे करत भलतेच.

"बाबा, एकदा कान दाखवून या ना," भिंगरी म्हणे.

"माझ्या कानांना काय धाड भरलीये? तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस," असे म्हणून ते हसण्यावारी नेत.

मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी माझे दोन स्पोक तुटले. मिस्त्रींनी नवे घातले, मला फिरवून आउट काढला, म्हणजे माझी डगमग घालवली. हातात कसब तसेच होते. मग पाना वाजवत निघाले. टण, टण, थड्ड. शेजारचा जुना स्पोक हबजवळ, जिथे तो वाकतो तिथेच तडकला होता. मिस्त्रींनी मान डोलावली आणि पाना पुढे सरकला. त्यांना टणही ऐकू आले नव्हते आणि थड्डही.

भिंगरी बाहेर इंजिन तापवत होती. आत येऊन तिने विचारले, "सगळे नीट वाजले ना, बाबा?"

मिस्त्रींनी तिच्या ओठांकडे निरखून पाहिले. "एकदम खणखणीत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उंच उडीवरून खाली येताना तो स्पोक गेला. पाठोपाठ शेजारचे गेले. मी पिळवटले आणि गाडी उलटली. भिंगरी किंचाळली. मिस्त्री प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपाशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. धुरळ्यात त्यांना काही दिसले नाही, आणि ती किंकाळी ऐकूही आली नाही. लोक धावत सुटले, तेव्हा कुठे त्यांचे हात थांबले.

भिंगरी वाचली, पण तिचे पाय कायमचे गेले. आता ती चाकांच्या खुर्चीत बसते. त्या चाकांनाही स्पोक आहेत. मिस्त्री पाना वाजवतात आणि तिच्या तोंडाकडे बघतात. ती मान हलवते, मगच ते पुढच्या स्पोककडे वळतात. माझे तुटलेले स्पोक मात्र त्यांनी कधीच बदलले नाहीत.

मित्रांनो, चाकांची निगा राखा. पण ऐकू येईनासे झाले, दिसेनासे झाले, तर तेही सांगा. लाज वाटली तरी सांगा. मी साधे चाक; मला जेवढे बोलता येत होते तेवढे मी त्या दिवशी बोलले. मिस्त्रींना तर तोंड होते.