एका नावाच्या तिघी

चष्म्याच्या दुकानात कामाला असलेली मधली एका आजोबांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून एकेक काच बदलून बघत होती, तेव्हा तिच्या मोबाइलवर तिच्याच मरणाची बातमी आली.

शाळेतल्या वर्गाचा ग्रुप होता. मॉनिटरने लिहिलं होतं की फार वाईट झालं, आपल्या वर्गातली अमुक काल गेली. आडनाव नाही, फोटो नाही, कशाने गेली तेही नाही. नुसतं नाव, आणि ते नाव तिचं. म्हणजे तिचंही.

हा घोळ जुनाच. त्यांच्या जन्माच्या सुमारास या नावाची अशी काही साथ आली होती, की गल्लीत हाक मारली तर चार खिडक्या उघडायच्या. त्यांच्या वर्गात या नावाच्या तिघी होत्या. हजेरीला तिघी एका सुरात 'हजर' ओरडायच्या आणि बाई कपाळाला हात लावायच्या. शेवटी बाईंनी त्यांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि निकाल लावून टाकला : थोरली, मधली, धाकटी. आता पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी त्या एकमेकींना हीच हाक मारत.

"मी तर इथे आहे," मधली म्हणाली.

"मीही इथेच आहे," आजोबा म्हणाले. "मला दिसतंय का ते विचारा की."

"दिसतंय का?"

"आधीचं बरं होतं."

आधी कुठली काच घातली होती तेच तिला आठवेना.

ग्रुपवर तोवर श्रद्धांजलीचा महापूर लोटला होता. हसरा चेहरा काय, मनमिळाऊ काय, विश्वासच बसत नाही काय! नक्की कोण गेलं हे विचारायची तसदी एकानेही घेतली नव्हती. मधलीने मॉनिटरला फोन लावला. बंद. म्हणजे बाबा, बॉम्ब टाकायचा आणि फोन बंद करून बसायचं! तिने ग्रुपवर 'कोण गेली?' असं लिहिलं, तर नाव बघून बहुतेक सगळ्यांची बोबडी वळली असावी, कारण महापूर जागच्या जागी थांबला. मग मागच्या बाकावर बसणाऱ्या एकाचा फोन आला.

"हॅलो... तू... म्हणजे, आहेस?"

"आहे."

"अच्छा, अच्छा. मग ठीक आहे," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

ठीक कुठलं? ती नाही तर उरल्या दोघी. थोरली किंवा धाकटी. आणि धाकटीच्या छातीत मागच्याच आठवड्यात कळ आली होती. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या, आणि 'काही होत नाही गं मला' म्हणून तिने त्या उडवून लावल्या होत्या. मधलीने तिला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. पुन्हा तेच.

देवा, थोरली असू दे, असं तिच्या मनात आलं.

आलं ते आलंच, आणि तिची तिलाच किळस वाटली. थोरलीने तिचं काय घोडं मारलं होतं? जरा हुकूम सोडते, एवढंच. सासू आजारी होती तेव्हा हीच थोरली रोज डबा घेऊन यायची. पण धाकटी म्हणजे धाकटी होती. नवऱ्याला सांगता येत नाही ते मधली तिला सांगायची. धाकटी नसेल तर आपण कुणाकडे जाणार, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर थोरलीचा फोटो.

"अगं बये, तू आहेस!" थोरली हमसून हमसून रडायला लागली. "मला वाटलं तूच गं! किती वेळ नंबर लावायचा धीरच होत नव्हता."

पलीकडे एवढ्या मायेने रडणाऱ्या बाईचा मधलीला सरळ सरळ राग आला, की तू कशाला जिवंत आहेस? मग तोंडातून एवढंच निघालं, "म्हणजे धाकटी."

"काहीतरी बरळू नकोस. तू तलावावर जा. मी फोन चालूच ठेवते."

आजोबांना फ्रेमसकट मालकांच्या स्वाधीन करून ती निघाली. धाकटी पोहायला शिकवायची तो तलाव दोन गल्ल्या पलीकडे होता. मधली चपला फटफटवत धावली. या वयात धावणारी बाई बघून लोक बाजूला झाले. आत क्लोरीनचा भपकारा, ओल्या फरशा, आणि काठावर शिट्टी गळ्यात अडकवून एक बुटकी बाई पाण्यातल्या पोरांवर खेकसत होती. "पाय मार! पाय! हाताने काय नमस्कार करतोस?"

मधलीने तिला अशी काही मिठी मारली की दोघी पाण्यात पडता पडता वाचल्या.

"फोन कपाटात असतो माझा," सगळं ऐकून धाकटी म्हणाली. "आणि मी गेले असते तर आधी तुम्हालाच कळवलं नसतं का?"

त्यावर तिघी जे हसल्या! थोरली फोनच्या स्पीकरवर खोकेपर्यंत हसली. मॉनिटरला कसं फैलावर घ्यायचं, याचे बेत झाले. तो पहिल्यापासूनच धांदरट, यावर एकमत झालं. मधलीला तर तहान लागल्याचंही आत्ता कळलं. आपल्यातली एकही गेलेली नाही, मग झालं तर!

आणि मॉनिटरचा फोन आला. धाकटीने त्यालाही जोडून घेतलं.

"स्मशानातून येतोय, म्हणून बंद होता," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "तुम्ही तिघी कुठे? मला वाटलं, तुम्ही तरी अंत्ययात्रेला याल."

"कुणाच्या?" थोरलीने विचारलं.

"अरे, कुणाच्या काय? नवीनच्या. शेवटच्या वर्षी आली होती ती."

"तिचं नाव..."

"तुमचंच की."

थोरली, मधली, धाकटी वाटून झाल्यावर बाईंकडे चौथीसाठी काही उरलंच नव्हतं. 'ए नवीन' म्हणून त्यांनी हाक मारली, मग वर्गानेही मारली, आणि वर्ष संपेपर्यंत ती पोरगी नवीनच राहिली. थोरलीच्या तोंडून "हुश्श" निघून गेलं आणि मग तिने ते खोकल्यात लपवलं.

"आम्ही एकाच ऑफिसात होतो," मॉनिटर सांगत होता. "मधले, तू तर भेटायचीस तिला. चष्मा तुझ्याकडेच करायची ती, दर वेळी. मी म्हणायचो, सांगून टाक की कोण आहेस ते. तर म्हणायची, राहू दे, ओळखते का बघू."

"कशी दिसायची गं?" धाकटीने विचारलं.

मधलीला डाव्या डोळ्याचा नंबर आठवत होता. निळसर फ्रेम आठवत होती. चेहरा काही केल्या आठवेना, इतक्या जवळून बघितलेला असूनही. मग बोलणं आठवलं. कागदावरचं नाव वाचून मधली खूश झाली होती आणि म्हणाली होती, "अय्या, माझंच नाव! आमच्या वर्गात आम्ही तिघी होतो या नावाच्या."

"तिघीच?" त्या बाईने विचारलं होतं.

"हो तर, तिघीच," मधली म्हणाली होती, आणि हलू नका म्हणून तिची हनुवटी धरली होती.