बॅनरवर मामा उलटा

मला शिव्या घालायच्या तर खुशाल घाला, पण आधी फोटो काय होता ते ऐका. धाकट्या बहिणीच्या, कल्पिताच्या हळदीचा बॅनर मी करत होतो. आमच्यात हळदीच्या बॅनरवर एक नातेवाईक जरी सुटला तरी वर्षभर बोलणं बंद. पन्नास तोंडं ओळीने चिकटवायची, असले बॅनर मी शेकड्याने केलेत. वीट आला होता नुसता. बहिणीसाठी काहीतरी भन्नाट पाहिजे होतं.

म्हणून आठ दिवस आधी सगळ्यांना मैदानात गोल उभं केलं. मधोमध ट्रायपॉड लावून जागच्या जागी फिरत चोवीस फोटो काढले. कॉम्प्युटरवर ते जोडले की लांबलचक पट्टी होते. ती वाकवून दोन्ही टोकं जुळवली की जमिनीचा लाडू होतो, आणि माणसं चहूबाजूंनी त्याच्यावर पाय रोवून उभी. भोवती आभाळात मी मिठागरातले बगळे घोड्याएवढे करून सोडले. कॅमेऱ्यामागे असल्यामुळे मी स्वतः फोटोत नव्हतो, मग नंतर मला चिकटवलं. अगदी वर, कल्पिताच्या शेजारी. भाऊ आहे मी तिचा!

हळदीला दुपारी चार वाजता बॅनर चढला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात बाबाजीमामा आला, आईचा एकुलता एक भाऊ. फोटोसाठी तो रेवदंड्याहून नवा सदरा घालून आला होता. गोलात तो नेमका तळाला गेला होता. पाय वर, डोकं खाली.

"आयला, मामाचं वटवाघूळ केलं रं!" कोणीतरी ओरडलं आणि अख्खा मांडव हसला.

मामा हसला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "निकेत, फिरव रं थोडा. उद्या पोरीला मांडवात मी आणनार. मला असा लटकवू नको."

"गोल हाय मामा. कुणीतरी खाली जानारच."

"मग तू जा."

माझं डोकंच सणकलं. बॅनर उतरवून जरा फिरवून बांधायचा, पाच मिनिटांचं काम. पण नाही केलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला फोटोतलं काय कळतं? जेवायला आलास, जेव आणि गप बस."

मामाचा मुलगा हर्षद नारळ सोलत होता. तो कोयता घेऊनच उठला आणि एका झटक्यात बॅनर वरपासून खालपर्यंत फाडला. माझी चार दिवसांची मेहनत लोंबायला लागली. मी मांडवाचा बांबू उपसला. हर्षदच्या खांद्यावर पहिला फटका बसला, कोयता गळला, दुसरा पाठीत. तो आडवा झाला तरी मी थांबलो नाही. मामा मधे पडला, "अरे मारशील त्याला!" म्हणाला. मला ऐकू आलं होतं. तरी मी बांबू खुपसला, आणि चिरलेलं टोक मामाच्या डाव्या डोळ्यात घुसलं.

तो मटकन खाली हळदीच्या परातीवर बसला. पिवळ्यावर लाल ओघळत होतं आणि माझी आई ठमाबाई पदराने ते पुसत होती.

अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळा गेला. कल्पिता रात्रभर एकच म्हणत होती, मामा नसेल तर मी मांडवात जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला मामा आला. अर्धं तोंड पट्टीत, हर्षदच्या आधाराने. मी पायांवर पडलो. तो मला वळसा घालून आत गेला, कल्पिताचा हात धरून तिला मांडवात आणलं, मंगलाष्टकं संपेस्तोवर उभा राहिला, अक्षता टाकल्या. मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो.

"चल हर्षद," मामा म्हणाला. "पोरीचं झालं. आता पोलिसात जाऊ."

मी आईकडे बघितलं. ती पायांत चपला सरकवत होती.

"थांब बाबाजी, मी पण येतं," ती म्हणाली. "मारताना मी बघितलंय."