आनप्पाच्या नाकातली शेवंती

काटा तांबड्या रेघेकडे सरकायला लागला की अण्णा आधी एसी बंद करायचे, मग हीटर लावायचे आणि मग देवाचं नाव घ्यायचे. क्रम ठरलेला. इंजिनाची उष्णता गाडीच्या आत ओढून घ्यायची, म्हणजे इंजिन जरा गार राहतं, ही युक्ती चामराजपेटला गॅरेज चालवणाऱ्या बसवंतमामांनी शिकवलेली. त्यामुळे त्या सकाळी, ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात, खिडक्या सताड उघड्या आणि हीटर पूर्ण जोरात, अशा थाटात तिघं बंगळुरातल्या मल्लेश्वरमहून निघाले होते. पुढे अण्णा, त्यांच्या शेजारी त्यांची थोरली बहीण अनुसूयाअत्या आणि पार मागे, तिसऱ्या रांगेत, पाय पसरून त्यांची मुलगी हर्षिता.

"अण्णा, आपण इडल्या आहोत का?" हर्षितानं मागून ओरडून विचारलं.

"गप गं," पदरानं वारा घेत अत्या म्हणाली. "त्याला वाईट वाटेल."

"कुणाला, अण्णांना?"

"आनप्पाला!"

आनप्पा म्हणजे ही गाडी. सात माणसं आणि सात माणसांचं सामान सहज गिळणारी, राखाडी, रुंद कपाळाची. हर्षिता बाळ असताना ती घरी आली, तेव्हा ओवाळता ओवाळता अत्या म्हणाली होती, "अगबाई, ही मोटार कसली, हा तर आने!" कन्नडमध्ये हत्तीला आने म्हणतात, आणि हर्षिताच्या घरच्या मराठीत निम्मी कन्नड विरघळलेलीच होती. आनेचा आनप्पा झाला. हत्ती घरी आला म्हटल्यावर त्याला भरवायला नको? म्हणून दर आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, कोहळा फुटला, चाकांखालची लिंबं चिरडली, की घरातला प्रत्येक जण मूठभर शेवंतीच्या पाकळ्या आनप्पाच्या पुढच्या जाळीतून आत सोडायचा. अत्या म्हणायची, "खा रे बाबा, वर्षभर वाहायचंय आम्हाला."

आनप्पानं वाहिलंही. पण आता तो म्हातारा झाला होता. रस्त्यातल्या हंपावरून, म्हणजे स्पीडब्रेकरवरून, गेला की खालचे रबरी बुश भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखे खडखडायचे. क्लच इतका जड, की अण्णांची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड झालीय असं आई म्हणायची. मागची डावी काच अर्ध्यात अडकली ती अडकलीच. हे सगळं अण्णांनी सोसलं असतं. पण उन्हाळ्यापासून तो तापायला लागला. मामांनी पाण्याचा पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर आतून धुतला, प्रत्येक वेळी बिल, प्रत्येक वेळी आशा, आणि चार दिवसांनी काटा पुन्हा तांबड्यात. आता एकच संशय उरला होता. इंजिनाच्या डोक्याखालची पातळ पट्टी, हेड गॅस्केट, जळली असणार. ती बदलायची म्हणजे इंजिन उघडायचं, आणि उघडलं की सव्वा लाख. एवढी तर आनप्पाची किंमतही नव्हती. म्हणून आज जुन्या गाड्या घेणारा गिरीराज मामांच्या गॅरेजमध्ये येणार होता, आणि अण्णा गाडीची कागदपत्रं घेऊन निघाले होते.

हर्षिताला हे सगळं समजत होतं. ती दहावीत होती, काही बाळ नव्हती. पण तिची खोली विकायला निघाले होते, त्याचं काय?

कारण आनप्पा ही तिची खोलीच होती. घरी ती आणि अत्या एका खोलीत झोपायच्या, आणि अत्याच्या मालिका, अत्याचे फोन, अत्याची स्तोत्रं यांतून उरलेली जागा हर्षिताची. म्हणून शाळेतून आली की ती किल्ली घेऊन रस्त्याकडेच्या चाफ्याखाली उभ्या असलेल्या आनप्पात जाऊन बसायची. मागच्या सीटवर लोळत गणितं करायची, ढग बघायची, काहीच करायची नाही. वर्गात उत्तर येत असूनही तोंड न उघडणारी ही मुलगी काचा वर करून (एक अर्धीच व्हायची, पण चालायचं) आनप्पाला भाषणं ठोकायला लागली, तीही इथेच. आधी पुटपुटत, मग मोठ्यानं, मग असं की चाफ्यावरचे कावळे उडून जायचे. गेल्या महिन्यात आंतरशालेय वादविवादात तिनं पहिलं बक्षीस घेतलं, तेव्हा बाईंनी विचारलं, "अगं, हा आवाज होता कुठे इतके दिवस?" गाडीत होता, बाई! दुसरं काय सांगणार?

आणि आता तिच्याकडे आवाज होता, पण म्हणायला काही नव्हतं. सव्वा लाखापुढे काय वादविवाद करणार?

शेषाद्रीपुरमपुढे गाड्या मुंगीच्या गतीनं सरकत होत्या. हीटरची ऊब पुढून लाटेसारखी येत होती, डिझेलचा वास, अत्याच्या वेणीतल्या मोगऱ्याचा वास, इंजिनाचं घुर्र घुर्र. हर्षितानं डोकं अडकलेल्या काचेला टेकवलं. डोळे मिटले की नाही, तिला आठवत नाही.

मग हॉर्न बंद झाले. रस्ता मऊ झाला. आनप्पा चाकांवर नव्हता, पायांवर चालत होता, एकेक पाऊल झुलवत, आणि ती त्याच्या पाठीवर पालथी पडली होती. त्याची पाठ उन्हात तापलेल्या कातळासारखी होती. समोर मॅजेस्टिक आलं, पण बसस्टँड नव्हता. तिथे पाणी होतं. अत्या नेहमी सांगायची ना, की मॅजेस्टिकच्या जागी पूर्वी मोठं तळं होतं, ते परत आलं होतं. निळं, आडवं, निवांत. त्यावर निळ्या बसेस बदकांसारख्या तरंगत होत्या आणि कंडक्टर वल्ही मारत तिकिटं देत होते. आनप्पा काठाशी थांबला. तहानेनं त्याचे कान थरथरत होते. त्यानं सोंड पाण्यात बुडवली आणि ओढली, पुन्हा ओढली. पाणी वर येईना. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि तोंडानं श्वास घेतला, हॅ, हॅ, अगदी सर्दीनं नाक बंद झालं की हर्षिता रात्रभर घेते तसा. ती घसरत घसरत त्याच्या सोंडेपाशी गेली आणि आत डोकावली. आत काहीतरी पिवळं होतं.

"उतरा बाईसाहेब, आलं गॅरेज," अण्णा म्हणाले.

बसवंतमामा मूळचे निपाणीचे. बोलताना हात आधी हलायचे, शब्द मागून यायचे. पांढऱ्या बुटातला, गॉगल कपाळावर चढवलेला माणूस म्हणजे गिरीराज हे सांगायला लागलं नाही. तो आनप्पाभोवती फिरून टायरांना बुटानं टोचत होता.

"साहेब, खरं सांगतो, मी हिला फक्त अंगासाठी घेतोय," तो म्हणाला. "दारं, सीटा, गिअरबॉक्स. इंजिन गेलंच आहे. ऐंशी हजार देतो, तेही तुमच्याकडे बघून."

"अंगासाठी म्हणजे?" अत्यानं विचारलं.

"म्हणजे सुटे भाग करून विकणार, मावशी."

अत्या एकदम आनप्पाच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभी राहिली, जणू त्याच्या खिशातच पाना होता.  अण्णा किल्लीच्या जुडग्यातून गाडीची किल्ली काढायला लागले. ती निघेना. कडी घट्ट होती, की त्यांची बोटं, कोण जाणे.

हर्षिता अत्याशेजारी जाऊन उभी राहिली. स्टेजवर उभी राहायची तशी.

"थांबा!" ती म्हणाली. गॅरेजभर ऐकू गेलं. "मामा, आनप्पाचं नाक बघितलंय का कुणी?"

"नाक?" गिरीराज हसला. "साहेब, पोरगी गोड आहे तुमची."

"हसा, हसा. ही पुढची जाळी. इथूनच हवा आत जाते ना, गार करायला? आम्ही दर वर्षी तिथून मूठ मूठ शेवंती भरवतो. सगळे! ती बाहेर येताना मी कधी बघितलेली नाही. मग ती गेली कुठे?"

मामांचे हात हवेत गेले आणि तिथेच राहिले.

"भरवता? फुलं?" त्यांनी अण्णांकडे पाहिलं.

"अक्कानं सुरू केलं," अण्णा घाईघाईनं म्हणाले.

"व्वा रे! आणि तू काय डोळे मिटून भरवत होतास?" अत्या कडाडली.

"आता बघ बाई," मामा हर्षिताला म्हणाले, "समोरनं पाण्याचा मारा मी दोनदा केलाय. स्वच्छ दिसतंय की सगळं. पर ह्या चाळण्या दोन असत्यात. पुढं एसीची, मागं रेडिएटरची. मधी बोटभर फट. समोरनं मारलेलं पाणी फटीतलं काय असंल ते आणखी दाबूनच बसवणार." "तसंबी डोकं उघडायचं तर रेडिएटर काढावाच लागतो. काढून बघूया की. आधी गार होऊ दे. आत्ता हात लावला तर भाजंल."

गिरीराजनं घड्याळ बघितलं. मामांनी कॉफी मागवली, बाय-टू करून, आणि सगळे अर्धे अर्धे पेले घेऊन आनप्पाचं नाक गार व्हायची वाट बघत बसले.

मग जाळी निघाली. पाइप सुटले, हिरवं पाणी परातीत ठिबकलं. मामांनी रेडिएटर तिरका करून वर उचलला, आणि त्याच्या पाठोपाठ काहीतरी सावकाश, पूर्ण, न तुटता सुटून खाली पडलं.

गोधडी होती ती. रस्त्याची धूळ, हळद, कुंकवासारखं काहीतरी आणि पाकळ्या, पाकळ्या, पाकळ्या, दर वर्षाचा एक थर, एकमेकांत दाबून घट्ट झालेला. वरचे तपकिरी, खालचे काळे. हर्षितानं गुडघ्यावर बसून परातीतलं पाणी बोटांनी त्यावर शिंपडलं, आणि वास आला. कापूर, माती, जुनी शेवंती. तिच्या सगळ्या आयुधपूजा एकदम गॅरेजमध्ये येऊन उभ्या राहिल्या. अण्णांच्या खांद्यावर बसून भरवलेली, समोरचे दोन दात पडलेले असताना भरवलेली, फ्रॉकवर कोहळ्याचं कुंकू उडालं म्हणून रडत भरवलेली.

"अय्यो," अत्या तोंडावर हात ठेवून म्हणाली. "आपणच गुदमरवलं की रे त्याला."

"प्रेमानं," अण्णा म्हणाले. आणि मग ते हसायला लागले. उन्हाळ्यापासून हसले नव्हते, तेवढं सगळं.

पण गिरीराज कच्चा गडी नव्हता. मामा रेडिएटर परत बसवेपर्यंत त्यानं मनात सगळी गणितं केली.

"साहेब, इंजिन जिवंत असेल तर मग हिशोब वेगळा," तो म्हणाला. "दीड लाख देतो. आत्ता. विचार करा, क्लच आहे, बुश आहेत, चारी टायर आहेत. दोन महिन्यांत तुमचे पैसे हिच्यातच जाणार. खोटं बोलत असलो तर बसवंतला विचारा."

"खोटं नाही," मामा हळूच म्हणाले. "म्हातारी गाडी हाय. काय ना काय निघणारच."

आता सगळे हर्षिताकडे बघायला लागले. काय गंमत! काल-परवापर्यंत तिच्याकडे कुणी बघितलं की ती चप्पल बघायची. आणि आत्ता, खरंच, तिच्याकडे एकही मुद्दा नव्हता. गिरीराजचं खरं होतं. मामांचंही.

"अण्णा," ती म्हणाली, "एक फेरी मारून या. हीटर न लावता. मग काय ते ठरवा."

"पुढचा चौक फिरून येतो," अण्णा गिरीराजला म्हणाले. "बसा तुम्ही."

पुन्हा तिघं. पुढे अण्णा, शेजारी अत्या, मागे हर्षिता. अण्णांनी सवयीनं हीटरकडे हात नेला आणि मागे घेतला. मार्केटच्या गर्दीत आनप्पा थांबला, सरकला, थांबला. हंपावर भांडी कोसळली. क्लच कण्हला. अत्या काट्याकडे असं बघत होती, जसं उतू जायला आलेल्या दुधाकडे बघतात. काटा मधोमध होता. थोडा वर, पुन्हा मधोमध. अण्णांनी भीत भीत एसीचं बटण दाबलं. गार वारा आला, त्यात कापराचा वास होता, की हर्षिताला तसं वाटलं?

चौक आला. गॅरेजला परतायचं तर डावीकडे वळायचं होतं.

आनप्पा सरळ गेला.

"अण्णा," थोड्या वेळानं हर्षिता म्हणाली, अगदी हळू, जुन्या आवाजात. "वळण मागे राहिलं."

"हो का?" अण्णा म्हणाले. आरशात त्यांचे फक्त डोळे दिसत होते. "पुढचं आलं की सांग."

पुढचं आलं. तिनं सांगितलं नाही. अण्णांचा फोन वाजला, तो अत्यानं घेतला. "हां, बसवंत. सरी, सरी, बरं. त्यांना म्हणावं, आणखी एक बाय-टू घ्या आणि निघा. आणि हे बघ, क्लचचं काय ते सोमवारी बोलू."

मॅजेस्टिक आलं. बसेस निळ्या, ऊन पिवळं, आणि सगळं जरासं हलत होतं, पाण्यातून बघितल्यासारखं. हर्षितानं पाय पसरले आणि डोकं अडकलेल्या काचेला टेकवलं.

"आयुधपूजा तोंडावर आली," अत्या मागे वळून म्हणाली. तिचा आवाज जरा ओशाळला होता. "यंदा काय भरवायचं गं त्याला?"

"पाणी," हर्षिता म्हणाली. "केव्हाची तहान लागलीय त्याला."