खोकल्याची वही

नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर गेला आणि सासूबाईंचा चहा झाला, की भिंगरीची आई भिंत पुसायला घ्यायची. पलंगामागची भिंत. तिच्या आतून सांडपाण्याचा पाइप गेलेला, तो कुठेतरी फुटलेला, आणि वर काळे ठिपके असे उगवायचे की जणू कुणी पेरूनच गेलंय. आधी व्हिनेगरचं फडकं, मग कोरडं फडकं, मग तासभर पंखा.

"भिंत झिजेल एक दिवस, पण तू थांबायची नाहीस," सासूबाई म्हणायच्या.

"थांबले तर तुमच्या नातीची शिट्टी सुरू होईल, आई."

शिट्टी म्हणजे छातीतली. भिंगरी तीन वर्षांची. खोकला सुरू झाला की दुसऱ्या दिवशी तिचा श्वास वाजायला लागायचा. झोपलेल्या पोरीच्या छातीवर तळहात ठेवून घड्याळाकडे बघत श्वास मोजायची तिच्या आईला सवयच लागली होती.

अकरा इमारतींत हेच रडगाणं होतं. अर्ज करून करून लोक थकले, तेव्हा घरबांधणी मंडळाने एका संशोधन संस्थेला काम दिलं. ओल्या घरांमुळे मुलं आजारी पडतात, हे आकड्यांत दाखवा. दिसलं, तर भिंती फोडून सगळे पाइप बदलू. लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात एक वही आली. सहा महिने, दिवसाला एक चौकोन. 'मूल आज खोकलं का?' खोकलं तर चौकोन काळा करायचा, नाही तर रिकामा सोडायचा. दवाखान्यात गेलात तर कागद मागे टाचायचा.

इमारतीत पदवी घेतलेली आई ती एकटीच. त्यामुळे वही कशी भरायची हे विचारायला सगळ्या जिना चढून तिच्याकडे. पहिली आली ती तळमजल्यावरची शिलाईवाली. तिची धाकटी भिंगरीहून लहान आणि जास्तच आजारी.

"दोन-चार चौकोन जास्त काळे केले तर कुणाच्या बापाचं काय जातंय गं?"

"नको, ताई. ते दवाखान्याचे कागद ताडून बघतात. एक खोटं सापडलं तर सगळ्यांच्या वह्या केरात जातील. खरं तेच लिहायचं."

"तू म्हणशील तसं, बाई. शिकलेली तू."

भिंगरीच्या आईने खरं तेच लिहिलं. अगदी डोळ्यांत तेल घालून लिहिलं. भिंगरी खोकली त्या दिवशी काळा चौकोन. पण दुसऱ्या दिवशी शिट्टीची वाट न बघता ती पोरीला उचलायची आणि दोन स्टॉपवर आपल्या आईच्या खोलीत ठेवून यायची. ती खोली चौथ्या मजल्यावर, उन्हाची, खडखडीत कोरडी. चार दिवस, कधी आठ दिवस. रोज संध्याकाळी फोन.

"खोकली का गं आज?"

"छे! पलंगावर उड्या मारतेय. मलाच धाप लागलीय."

मग ती वही उघडून तो दिवस रिकामा सोडायची. मूल खोकलं का? नाही खोकलं. मूल आज कुठे झोपलं, असा चौकोन वहीत नव्हताच, आणि कुणी न विचारलेलं सांगायला जावं असं तिच्या मनातही आलं नाही. उलट रिकामे चौकोन बघून तिला बरंच वाटायचं. सहा महिन्यांत एकही चौकोन खोटा नव्हता.

निकाल सांगायला संस्थेच्या मॅडम आल्या तेव्हा सभागृहात बसायला जागा नव्हती. मॅडम साध्या होत्या, समजेल असं बोलत होत्या. पडद्यावर आलेखाचे दोन खांब उभे राहिले, एक उंच, एक बुटका.

"ओलीचा परिणाम होतो, यात शंका नाही," मॅडम म्हणाल्या, "पण महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. घरं सारखीच ओली असूनही, पदवीधर आयांच्या बेचाळीस घरांत मुलांचे खोकल्याचे दिवस निम्म्याहून कमी आहेत. म्हणजे आई जागरूक असेल तर बराच त्रास टळतो."

शेजारी बसलेल्या मंडळाच्या साहेबांनी लगेच माइक ओढला. पाइपचं काम तूर्तास पुढे ढकलू, आधी आयांसाठी प्रशिक्षण घेऊ, भिंत कशी पुसावी, खिडकी कधी उघडावी, वगैरे. खर्चही कमी, असं म्हणून ते हसले.

भिंगरीची आई उठली.

"मॅडम, ते दिवस माझी मुलगी घरात नव्हतीच. माझ्या आईकडे होती."

मागून, दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीतली एक बाई ओरडली, "मीपण बहिणीकडे पाठवायचे माझ्या पोराला!" आणखी दोन हात वर झाले.

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी कागद चाळले. "वहीत तशी नोंद नाहीये हो. नोंद नाही ते मी लिहू शकत नाही. चूक आमचीही आहे, तो प्रश्न आम्ही विचारायला हवा होता." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तीन महिन्यांची दुसरी फेरी आहे, याच वह्यांवर. मुलं घरीच राहिली आणि आकडा वाढला, तर मी मंडळाला दाखवू शकेन."

जिन्यात सगळ्या जमल्या. शिलाईवालीने तोंडाचा पट्टा सोडला.

"काय गं, आम्हाला खऱ्याचे धडे दिलेस! माझी पोर सहा महिने त्या भिंतीला टेकून खोकली, आणि तुझ्या रिकाम्या चौकोनांनी तिचे काळे चौकोन खाल्ले. आम्ही बेजबाबदार ठरलो, तू जागरूक!"

"मी काय वाईट केलं, ताई? पोरीला वाचवायला..."

"आमच्या पोरींना दोन स्टॉपवर कोरडी आजी नाही."

मग ठरलं: तीन महिने एकही मूल बाहेर ठेवायचं नाही आणि भिंतीला फडकं लावायचं नाही. "आणि तू तर नाहीच नाही," शिलाईवाली म्हणाली, "आमच्यात पदवीवाली तू एकटी. आकडा तुझाच हलायला हवा." भिंगरीच्या आईने मान डोलावली.

आठवडाभरात भिंत काळी झाली. नवव्या दिवशी खोकला आला, दहाव्या दिवशी शिट्टी. नवऱ्याने सकाळी बूट घालता घालता विचारलं, "अगं, हे काय चाललंय? सोड ना तिला तुझ्या आईकडे."

"इमारतीचा प्रश्न आहे."

"छाती तिची आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

सासूबाई फडकं भिजवून उठल्या, तर तिने त्यांच्या हातातून ते काढून घेतलं. स्वतःचाच हात तिला परका वाटला.

तेराव्या दिवशी भिंगरीच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जायला लागल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी वाफेचा मास्क लावला आणि तिच्या आईकडे रोखून बघितलं.

"चार दिवस झाले म्हणताय. इतकं होईपर्यंत काय करत होतात? तुम्ही तर लगेच आणायचात."

"डॉक्टर, कागदावर घर ओलं आहे असं लिहाल?"

"मी आजार लिहितो, बाई. घर नाही लिहीत."

परत येताना जिन्यात शिलाईवाली भेटली. कडेवर धाकटी, तीही धापा टाकत होती.

"किती झाले?"

"सलग पाच."

"बरं झालं," शिलाईवाली बोलून गेली आणि तिने चटकन ओठ दाबले. दोघीही एकमेकींकडे न बघता आपापल्या दाराकडे वळल्या.

भिंगरीच्या आईने वही उघडली. पाचवा चौकोन काळा केला, कडा नीट भरल्या, आणि सलग पाच काळे बघून तिला बरं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं. पलंगावर पोर श्वासासाठी धडपडत होती आणि तिला बरं वाटलं होतं.

तिने पिशवी भरली, रिक्षा बोलावली आणि तासाभरात भिंगरी कोरड्या खोलीत होती. परत आल्यावर तिने उरलेल्या सगळ्या चौकोनांवरून आडवं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'ती इथे नाही. ती इथे राहू शकत नाही.'

मुदत संपल्यावर मॅडम वह्या गोळा करायला आल्या. ते पान त्यांनी दोनदा वाचलं.

"हे मला मोजता येणार नाही हो. एवढे चौकोन न भरता सोडलेत तर तुमचं घर यादीतूनच काढावं लागेल."

"काढा."

"तुमच्या इमारतीत पदवीधर घर हे एकच आहे. ते गेलं तर जुनाच आकडा कायम राहील..."

"माहितीये मला."

मॅडमनी वही पिशवीत न टाकता तिच्या हातात परत दिली आणि त्या जिना उतरल्या. तळमजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. पाठोपाठ शिलाईवालीचा, मुद्दाम वरपर्यंत पोचेल असा: "आमची घ्या, मॅडम. आमची पूर्ण भरलीय. एक चौकोन रिकामा नाही."