तोर्किलच्या डोक्यातली तार

मी एक तार बोलतेय. शेवयीएवढी जाड, टोकाला प्लॅटिनमची चार बारीक कडी. गेली पाच वर्षं मी एका माणसाच्या मेंदूत राहते. त्याचं नाव तोर्किल, डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचा मच्छीमार.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एका बाईनं मला घडवलं. तिच्या बोटांइतका हळुवार स्पर्श मला पुन्हा कधी मिळाला नाही.

कारण तोर्किलच्या डोक्यात मी शिरले ती कवटीला भोक पाडूनच. डोकं चौकटीत स्क्रूंनी आवळलेलं, आणि तो जागा! ड्रिल घरघरलं, हाडाचा भुगा उडाला, आणि त्या भोकातून मी आत उतरले.

त्याच्या तीन वर्षं आधी बोटीवर जाळ्याचा दोर त्याच्या मनगटाला गुंडाळला गेला आणि विंचनं, म्हणजे जाळं वर ओढणाऱ्या यंत्रानं, त्याचा डावा हात खांद्यातून उपटून काढला. विंचवर त्याचा धाकटा भाऊ आयनर होता. हात समुद्रात गेला, कळ मात्र तोर्किलकडेच राहिली. नसलेली मूठ सतत आवळलेली, नसलेली नखं तळव्यात रुतलेली. गोळ्या, इंजेक्शनं, सगळं झालं. तो भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा. एकदा कुऱ्हाड घेऊन आपलाच खांदा फोडायला निघाला. बायकोनं, बिर्तेनं, पातं हातानं धरलं. टाक्यांची खूण अजून आहे तिच्या तळव्यावर.

"वीज सोडतेय," मी आत उतरल्यावर डॉक्टर विबेके म्हणाल्या. "काय वाटतंय?"

तो शिव्या घालत होता. मध्येच थांबला.

"मूठ सुटली," तो पुटपुटला. "डॉक्टर, बोटं उघडली!" आणि चौकटीत अडकलेल्या डोक्यानं हमसून रडला.

दोन वर्षं बरी गेली. मग त्याचा मेंदू मला सरावला. कळ परत आली. त्यानं डॉक्टरांनी दिलेल्या रिमोटवर वीज वाढवत वाढवत शेवटच्या आकड्यावर नेली. मी जिवाच्या आकांतानं लढत होते, पण हरत होते.

एका दुपारी तो आयनरच्या शेडमध्ये घुसला. आयनर जाळं शिवत होता.

"विंच थांबवायला उशीर का केलास?"

"किती वेळा सांगू, मला दिसलंच नाही..."

ठोसा तोंडावर बसला. दोन दात जमिनीवर पडले. तोर्किलनं लोखंडी आकडा उचलला.

"मी प्यायलो होतो," आयनर रक्त थुंकत म्हणाला. "सकाळपासून. मार. मी हात उचलणार नाही."

आकडा खाली आला. गळ्याजवळचं हाड काडकन मोडलं. मला त्याचा हात धरता आला असता तर! पण मला फक्त कळ शमवायला शिकवलंय, राग नाही. आकडा पुन्हा वर गेला आणि तिथेच थांबला. तोर्किलनं तो फेकला आणि स्वतःच अॅम्ब्युलन्स बोलावली.

"आता माझाही खांदा दुखतोय बघ," आयनर कण्हत म्हणाला.

"गप पड, मूर्खा. रक्त गिळशील."

पोलिसांना आयनर म्हणाला, "मारलं त्यानं. पण का मारलं, तेही लिहा." शिक्षा झालीच. ती भोगून तोर्किल परतला.

डॉक्टरांनी माझी लय बदलली. आता रोज दुपारी दोन तास मला बंद ठेवायचं, म्हणजे मेंदू मला सरावणार नाही. त्या दोन तासांत कळ मोकाट सुटते. तो पट्टा दातात धरून खुर्चीत बसतो. आयनर रोज येतो. त्याचा खांदा वाकडा जुळलाय.

"बंद केलीस?"

"केली."

मग आयनर त्याच्याशेजारी बसतो. बिर्ते कॉफी ठेवून जाते. ती बहुधा गार होते.

लोक मला चमत्कार म्हणतात. तसं म्हणू नका. माझ्याच्यानं अर्धंच होतं. तुमच्यापैकी कुणी म्हणालं की नसलेला हात दुखतोय, तर हसू नका. "फार दुखतंय का?" एवढं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठून जाऊ नका.